सॅमसन कोणाचा माणूस?

बेकरीत नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे पाहतात. त्या हातांना पीठ कधी लागलं नाही. मी इस्रायलमधल्या अश्केलोनच्या एका बेकरीच्या कचेरीत टेलिफोनपाशी बसायचे. कचेरी म्हणजे भट्टीच्या मागची एक खोली, तीत एक टेबल, एक खिडकी आणि बारा महिने उकाडा. कोणत्या दुकानाला काळा पाव किती, पांढरा किती, कोणता ड्रायव्हर कुठल्या फेरीला, आणि पाव वेळेवर पोचला नाही तर शिव्या कोणी खायच्या, हे सगळं माझ्याकडे असे. शेवटच्या कामात मी विशेष तरबेज झाले.

मूळची मी ठाण्याची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं फोर्टातल्या एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. क्लेमचं टेबल म्हणजे 'नाही' म्हणायचं टेबल. लोक आपलं दुःख घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना सभ्य इंग्रजीत परत पाठवायचो. इस्रायलला आलो तेव्हा नवरा पाइपांच्या कारखान्यात लागला आणि मला वाटलं, बरं झालं, आता पावाचा धंदा. पावात 'नाही' म्हणण्यासारखं काय असणार! दिवाळी अंकाच्या संपादकांनी "परदेशातल्या नोकरीतले अनुभव लिहा" म्हटल्यावर पहिल्यांदा आठवलं ते हेच, की 'नाही' तिथेही माझ्या आधी येऊन बसलं होतं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरणार नाही. एक किराणा दुकानदार प्रत्येक पाव कानाशी धरून दाबायचा, करकर वाजला तरच घ्यायचा. एक पोलंडची आजी दर शुक्रवारी फोन करायची की शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, वेणीच्या पावाची वेणी कालच्या पोरींनी घातल्यासारखी सैल आहे. मी तिला सांगायचे, "आजी, पुढच्या शुक्रवारी मी स्वतः घट्ट घालायला सांगते." ती खूश व्हायची आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन करायची. मला वाटतं, तिला बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

मालक झिगमुंडसाहेब हंगेरीकडचे. बोलणं कमी, कामाला वाघ. मला ते हिब्रूत रिव्का म्हणत; आपल्या लोकांत मी रिबका. महायुद्धानंतर त्यांचं तिकडचं माणूस एकही उरलं नव्हतं, एवढंच आम्हाला ठाऊक; त्याबद्दल ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. त्यांच्या स्वतःच्या दोन गाड्या होत्या. बाकीचा पाव कंत्राटी ड्रायव्हर पोचवायचे. कंत्राटी म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नोकराला पगार असतो, गाडी कंपनीची असते, आणि त्याच्या हातून कोणाला लागलं तर भरपाई कंपनी देते. कंत्राटी ड्रायव्हरची गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फेरीमागे पैसे. आणि त्याच्या हातून कोणाला लागलं तर तो जाणे आणि त्याचं नशीब. पाव मात्र दोघांच्याही गाडीत तोच असतो.

आमच्या कंत्राटी ड्रायव्हरांत सॅमसन अष्टमकर हा आपला माणूस होता, म्हणजे माझ्यासारखाच बेने इस्रायल, कोकणातला मराठी ज्यू. रोह्याजवळच्या खेड्यातला, राहायला किर्यात मलाखीला. ते तेव्हा नुकतंच वसलेलं गाव: रांगेनं सारखी घरं, मध्ये वाळू, आणि मोरोक्को, रुमानिया, हिंदुस्थान इथून आलेली माणसं एकमेकांच्या स्वयंपाकाच्या वासाला नाकं मुरडत राहणारी. सॅमसनचं बोलणं अजून पक्कं कोकणी होतं. हिब्रूत त्याला पाव, पैसे, उजवीकडे, डावीकडे एवढं यायचं आणि तेवढ्यात त्याचा संसार चालायचा.

त्याच्या बापाचा तेलाचा घाणा होता. आम्हा लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचे घाणे बंद. गिरण्यांचं तेल आलं तसा बापाचा घाणा गेला आणि सॅमसन मुंबईत गोदीवर मुकादमाच्या हाताखाली लागला. तिथून इथे. इथे त्यानं कर्ज काढून एक जुनी टेंडर घेतली. मागे हौदा असलेल्या छोट्या गाडीला इथे टेंडर म्हणतात. गाडी घरी आली त्या दिवशी त्याच्या बायकोनं, एस्तरनं, आमच्या पैगंबराच्या, एलियाहू हन्नाबीच्या, नावानं मलिदा केला. मुंबईहून पार्सलनं आलेले पोहे तिनं जपून ठेवले होते. त्यात खोबरं, साखर, वर फळं. झिगमुंडसाहेबही आले होते. त्यांनी पोह्यांकडे संशयानं पाहिलं आणि मग दोनदा मागून खाल्ले. सॅमसननं टेंडरच्या दारावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, वर हिब्रूत आणि खाली मराठीत. तो मला म्हणाला, "रिबकाबाई, बापाचा घाणा गेला त्याला इतकी वर्सं झाली. आज पयल्यांदा आमच्या घरात कोणतरी मालक झाला."

त्यानंतर जो भेटेल त्याला तो हे सांगायचा. हिब्रूतला 'मालक' हा शब्द त्यानं फार लवकर शिकून घेतला. बेकरीच्या फाटकात शिरताना ड्रायव्हर लोक त्याला चिडवायचे, "या मालक!" आणि तो चिडायच्या ऐवजी हात वर करून आशीर्वाद द्यायचा.

एक गोष्ट मात्र तो मालकासारखी करत नव्हता. शुक्रवारी दुपारी शेवटची फेरी झाली की तो टेंडर बेकरीच्या आवारात लावायचा, चावी माझ्या टेबलावर ठेवायचा आणि बसनं घरी जायचा. "संभाळा बाई. रविवारी पाटे नेतो." मी कारण विचारलं. त्याचा बाप शुक्रवारी संध्याकाळी बैलाच्या डोळ्यांवरची झापडं सोडून शेजारच्या पाटलाकडे नेऊन ठेवायचा. झापडांशिवाय बैल घाण्याला फिरत नाही. म्हणजे शनिवारी कोणी तेलाला आला तरी मोह नको. झापडं नाहीत तर चावी, सॅमसनचा हिशेब सरळ होता. मी चावी बेकरीच्या चाव्यांशेजारी खिळ्यावर टांगू लागले.

झिगमुंडसाहेबांनी हे पाहिलं आणि त्यांना ते भलतंच आवडलं. काही ड्रायव्हर शनिवारी पावाच्या गाडीत पोरंबाळं भरून समुद्रावर जात आणि त्यावरून गावातले धार्मिक लोक बेकरीच्या नावानं बोटं मोडत. साहेबांनी हुकूम काढला: सगळ्या कंत्राटी ड्रायव्हरांनी शुक्रवारी चाव्या कचेरीत द्यायच्या, रविवारी पहाटे घ्यायच्या. ड्रायव्हर कुरकुरले, सॅमसनला चार शिव्या मिळाल्या, आणि खिळ्यांवर चाव्यांची रांग लागली.

बासष्ट सालचा हिवाळा सरताना, एका सणाच्या आधीच्या शुक्रवारी अपघात झाला.

सणाला वेणीचा पाव नेहमीच्या दुपटीनं लागतो. टेंडरच्या हौद्यात क्रेट इतके रचले होते की मागची काच पूर्ण झाकली गेली. सॅमसननं मागे काही दिसत नाही असं सांगितलं, मी ते साहेबांना सांगितलं, आणि साहेब म्हणाले, "दुकानं बंद व्हायच्या आत पोचायला हवं. जा म्हणावं, सांभाळून जा." तो सांभाळूनच गेला. किर्यात मलाखीतल्या दुकानासमोर गाडी मागे घेताना त्यानं भोंगाही वाजवला. पण दुकानाच्या पायरीशी एक बाई पिशवीतून सांडलेले कांदे गोळा करायला वाकली होती. ती त्याला दिसली नाही.

तिचं नाव मसऊदा. मोरोक्कोहून आलेली, विधवा, पदरी दोन लहान मुली. गावातल्या लग्नांचे कपडे तीच शिवायची. तिचा उजवा पाय मांडीपासून मोडला. शिवणाचं मशीन होतं पायाचं.

दुसऱ्याच आठवड्यात बेकरीच्या विमा कंपनीचा वकील आला. तरुण, चुणचुणीत, बोलायला गोड. त्यानं कागद पाहिले आणि सांगितलं की ड्रायव्हर कंत्राटी आहे, बेकरीचा नोकर नव्हे, म्हणून अपघाताशी बेकरीचा संबंध नाही आणि विमा कंपनीचा तर नाहीच. सॅमसनचा स्वतःचा विमा होता, पण तो घरगुती गाडीचा. दुसऱ्याचा माल वाहताना काही झालं तर त्यात दमडी मिळणार नव्हती. विकणाऱ्यानं ते त्याला सांगितलं नव्हतं आणि हिब्रूतला बारीक टाइप त्याला वाचता आला नव्हता. म्हणजे मसऊदाला जे काही मिळायचं ते सॅमसनची टेंडर विकूनच, आणि टेंडरवर तर कर्ज. तिच्या वाट्याला काही येणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. फोर्टातल्या टेबलावर मी हेच गणित वर्षानुवर्षं शिकले होते.

हे सगळं मी सॅमसनला मराठीत समजावून सांगितलं. तो कचेरीच्या खिडकीबाहेर उभा होता, टोपी हातात.

"म्हणजे कंपनी म्हनते, मी तिचा नाय."

"कागदावर नाही, सॅमसनभाऊ."

"आपल्यातल्या कुनाच्या लग्नाचं इचारायला गेलो तर रब्बी म्हनतात, तुम्ही बेने इस्रायल आमचे का नाय ते बगायला पायजे. आता अपघात झाला तर कंपनी म्हनते आमचा नाय." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "मग आपून हाव तरी कुनाचे, बाई?"

बेने इस्रायल खरे ज्यू की नाहीत अशी शंका इथल्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, काढली होती आणि त्या वर्षांत आमच्या घराघरांत हाच विषय होता, त्यामुळे मला हसूही आलं आणि रडूही.

वकिलानं आणखी एक ताकीद दिली होती: ड्रायव्हरनं जखमी बाईला भेटायला अजिबात जायचं नाही. भेटणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. मी हे सॅमसनला सांगितलं तेव्हा त्याला ते कळेचना. मी पुन्हा सांगितलं.

"माज्या गाडीनं बाई पडली आनि मी इचारपूस करायला नाय जायचं?"

"वकील म्हणतो."

"वकिलाला आई हाय का इचारा," असं म्हणून तो तसाच इस्पितळात गेला.

मसऊदानं त्याला पाहताच अरबीत जे काही सुनावलं ते शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कानांवर हात ठेवून ऐकलं म्हणे. सॅमसन खाली मान घालून उभा राहिला, शिव्या संपेपर्यंत थांबला, सोबत नेलेली संत्री खाटेशी ठेवली आणि आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी एस्तरलाही घेऊन गेला. एस्तर कसली वकिलाचं ऐकते! तिनं दोन्ही मुलींच्या वेण्या घातल्या, त्यांना आपल्या घरी नेलं आणि आई घरी येईपर्यंत ठेवून घेतलं. मुली परत आईकडे आल्या तेव्हा चिंचेची आमटी भुरकत होत्या आणि एकमेकींना "चल गं" म्हणत होत्या.

मसऊदा कुबडीवर घरी आली, पण पाय मशीनवर चालेना. मग एस्तरनं आपलं हाताचं मशीन तिच्याकडे पोचवलं, मुंबईहून लाकडी पेटीत आणलेलं. आता हाताच्या मशीनची अडचण अशी की एक हात दांडा फिरवण्यात जातो आणि लग्नाचा झगा शिवायला दोन्ही हात कापडावर लागतात. तेव्हा एस्तर रोज दुपारी जाऊन तिच्या शेजारी बसायची आणि दांडा फिरवायची. एक मराठी बोलायची, दुसरी अरबी. मी एकदा गेले होते. मसऊदा बोटानं खूण करायची, एस्तर थांबायची. पुन्हा खूण, पुन्हा दांडा. दोघी अधूनमधून खूप हसत होत्या. कशाला, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. मला तिथून उठवेना.

पण अशानं संसार किती दिवस चालणार? एस्तरला स्वतःची पोरं होती. गावातल्या कामगार संघटनेनं मसऊदाला एक वकील मिळवून दिला आणि त्यानं सॅमसनवर आणि बेकरीवर असा दोघांवर दावा लावला. मामला बीर शेवाच्या कोर्टात गेला. बेकरी जबाबदार ठरली तर मसऊदाला जगायला पुरेल एवढी भरपाई विम्यातून मिळणार होती. नाही ठरली तर सॅमसनची टेंडर जाणार आणि तिला तरीही काही मिळणार नव्हतं. सगळं एका प्रश्नावर आलं: सॅमसन स्वतःचा मालक, की बेकरीचा माणूस?

कोर्टात मराठी जाणणारं कोणी नव्हतं. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना विचारून दुभाषी म्हणून मलाच उभं केलं. मला बजावलं की जसं बोललं जाईल तसंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही, साक्षीदाराला काही सुचवायचं तर मुळीच नाही. मी शपथ घेतली. समोर झिगमुंडसाहेब बसले होते, ज्यांच्या पगारावर माझी चूल पेटत होती. मागच्या बाकावर मसऊदा, कुबडी भिंतीला लावून, आणि तिच्या शेजारी एस्तर.

विमा कंपनीच्या वकिलानं सॅमसनला फार मानानं विचारायला सुरुवात केली.

"ही टेंडर कोणाची?"

"माजी."

"दारावर नाव कोणाचं?"

"माजं. दोन भाषांत."

"पेट्रोल, दुरुस्ती?"

"समदं माजं."

"बेकरी पगार देते?"

"नाय. फेरीचे पैसे."

वकील हसला. मग जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर सॅमसन गेली दोन वर्षं, कोणी विचारलं नाही तरी, देत आला होता. "म्हणजे, श्रीयुत अष्टमकर, तुम्ही स्वतःचे मालक आहात?"

मी प्रश्न मराठीत सांगितला.

सॅमसननं मागे वळून मसऊदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, होय म्हटलं तर काय हुईल, आनि नाय म्हटलं तर काय?"

मला ठाऊक होतं. शपथेनं तोंड बांधलं होतं. मी त्याचा प्रश्न जसाच्या तसा न्यायाधीशांना सांगितला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, काय होईल ते माझ्यावर सोड. खरं काय ते सांग."

सॅमसननं दोन्ही हातांनी कठडा धरला.

"सायेब, मी समद्यांना सांगत फिरलो की मी मालक. मला बरं वाटायचं. पन खरं सांगायचं तर शुक्रवारी दुपारी माज्या गाडीची चावी यांच्या खिळ्यावर लागते, आनि रविवारी पाटे ते देतील तवा मिळते. क्रेट किती भरायचे ते हे सांगतात. आदी कंच्या दुकानात जायचं, ते हे सांगतात. त्या दिवशी मी म्हटलं मागं दिसत नाय. मला निरोप आला, जा. मालकाला 'जा' कोन म्हनतं?" त्यानं कठडा सोडला. "मालक नाय मी. दारावर नाव लिवलं म्हून कोन मालक होत नाय. मी यांचा मानूस हाय." मग तो झिगमुंडसाहेबांकडे वळून हिब्रूत म्हणाला, "माफ करा."

मी एकेक वाक्य सांगत गेले. 'यांचा माणूस' म्हणताना मी रडले, हे कोर्टाच्या शिस्तीत बसत नव्हतं, पण न्यायाधीशांनी पाण्याचा पेला पुढे केला.

चाव्यांची गोष्ट वकिलाला ठाऊक नव्हती. न्यायाधीशांनी झिगमुंडसाहेबांना उभं केलं आणि विचारलं, हा एकटाच चावी देतो की सगळे?

"सगळे," ते म्हणाले. "माझा हुकूम आहे."

निकाल यायला वर्ष चौसष्ट उजाडलं. कोर्टानं म्हटलं की ज्याच्या चावीवर, फेरीवर आणि भरण्यावर बेकरीचा हुकूम चालतो तो कागदावर कोणीही असला तरी कामात बेकरीचाच माणूस आहे, आणि अपघाताची जबाबदारी बेकरीची. मसऊदाला भरपाई मिळाली. तिनं विजेवर चालणारं मशीन घेतलं. पाय मात्र शेवटपर्यंत आखूडच राहिला. ती रस्त्यानं चालताना दिसली की सॅमसन अजूनही आपली पावलं आखडून घेतो, असं एस्तर मला पुढे कित्येक वर्षं सांगायची.

निकालाच्या दिवशी सगळे आनंदात होते. सॅमसन सोडून. मी अभिनंदन केलं तर म्हणाला, "बाई, मसऊदाबाईचं झालं, देवाची दया. पन कोर्टानं लिवून दिलं ना, की मी नोकर." आपली एकुलती एक श्रीमंती त्यानं भर कोर्टात उतरवून ठेवली होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण विमा कंपन्या एकदा पोळल्या की फुंकर मारायला शिकतात. महिनाभरानं तोच गोड वकील नवा कागद घेऊन आला. प्रत्येक कंत्राटी ड्रायव्हरनं सही करायची: मी सर्वस्वी स्वतःचा मालक आहे, बेकरीचा माझ्यावर हुकूम चालत नाही, माझी चावी माझ्याजवळ राहील, आणि माझ्या हातून कोणालाही इजा झाल्यास बेकरीचा संबंध नाही. सगळ्यांनी सह्या केल्या तर बेकरीच्या विम्याचा हप्ता होता तेवढाच राहणार. नाही केल्या तर बराच वाढणार. झिगमुंडसाहेबांनी कागद माझ्याकडे दिला आणि सह्या घ्यायला सांगितलं. भट्टी नवी करायची होती, त्यांचे हात आधीच बांधलेले होते. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही.

एकेकानं सही केली. न करून सांगतात कुणाला? पाव पोचवला नाही तर घरी पाव नाही. सॅमसन शेवटी आला. मी त्याला कागद मराठीत वाचून दाखवला. मनात म्हटलं, निदान याला तरी बरं वाटेल. जे कोर्टानं काढून घेतलं ते वकील शिक्का मारून परत देतोय.

त्यानं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"मी मालक हाय, हे मला आता कागदावर नको."

"सॅमसनभाऊ, सही नाही केली तर फेरी जाईल."

"जाऊ दे. गोदीवर वझी उचललीत, हितं संत्र्यांच्या पेट्या उचलीन." मग तो खिडकीवर रेलला आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, मी कुनाचा त्ये इतके दिस समदे इचारत व्हते. मी बी इचारत व्हतो. पन ह्या कागदावर सही केली आनि उद्या कुनाला लागलं, तर त्यो पडलेला मानूस कुनाचा, त्ये सांगा की."

मी पेनाचं टोपण लावलं.

झिगमुंडसाहेब दारात उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सही झाली नाही एवढं दिसत होतं. "काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. या वेळी मला कोणी शपथ घातली नव्हती, तरी मी शब्दन् शब्द तसाच सांगितला. साहेब भट्टीकडे गेले, तिथे बराच वेळ उगाच पावाच्या फळ्या मोजत राहिले. सॅमसन टोपी घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीचा अर्ज भरायचा होता. दर वर्षी तो मीच भरायचे. त्यात एक रकाना असतो: विमेदाराची वाहनं. मी नेहमीप्रमाणे बेकरीच्या दोन गाड्यांचे नंबर लिहिले आणि खाली रेघ मारली. साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"रिव्का, रेघ कशाला मारलीस?"

"साहेब, आपल्या एवढ्याच गाड्या."

"नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. हप्ता किती वाढेल हे माझ्याइतकंच त्यांनाही ठाऊक होतं. "तुला मोजता येत नाही. सॅमसनच्या टेंडरचा नंबर काय? तो आधी घे. मग बाकीच्या सगळ्या."